नाताळला आठ दिवस आणि हातात रोजचे तीन तास: नेवऱ्या, कलकल, दोदोल, तारा आणि गोठा

तुझा प्रश्न आधी इथे मांडते, म्हणजे तुझ्यासारख्या आणखी कुणी वाचलं तर त्यांनाही उत्तर लागू पडेल. लग्न होऊन तू वसईला आलीस त्याला तीन वर्षं झाली. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या वर्षी दुखवटा म्हणून घरात तळण झालं नाही, गेल्या वर्षी सगळं बेकरीतून आणलं. यंदा सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "नेवऱ्या घरी होतील का गं?" आणि तू हो म्हणून बसलीस. आता आठ दिवस उरलेत. कामावरून तू सातला घरी पोचतेस, मध्ये रविवार एकच आहे. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, कलकल, म्हणजे फणीवर गुंडाळून तळलेले गोड तुकडे, तेलात उलगडतात, दोदोलला, म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेल्या त्या मिठाईला, हात लावायची भीती वाटते, आणि नवऱ्याला लहानपणीसारखा गोठा, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, आणि कामट्यांचा तारा हवाय. कुठून सुरुवात करू, असं तू विचारलंयस.

मुलीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणते. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, सासर वसईचं, आणि नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागून मला आता तीस वर्षांच्या वर झाली. तेव्हा दोन्हीकडच्या रीती मला हातच्या आहेत.

सुरुवात गव्हापासून कर. आज रात्री झोपण्यापूर्वी दोन वाट्या गहू धुऊन भिजत घाल. तेलाची कढई त्यानंतर.

गोठ्यातली हिरवी शेतं बाजारातून आणता येत नाहीत आणि त्यांना घाईही करता येत नाही. बाकी सगळं एखाद दिवस पुढेमागे झालं तरी चालतं, पण १७ तारखेला भिजत घातलेलं धान्य २४ ला जेवढं उगवायचं तेवढंच उगवतं. आमच्याकडे नाचणी पेरायचे. तिची हिरवळ बारीक, मऊ, थेट भाताच्या तरव्यासारखी दिसते. पण नाचणीला वेळ लागतो, ती पेरायची तर आणखी चार दिवस आधी पेरायला हवी होती. तुझ्या हातात आठ दिवस आहेत म्हणून गहू घे. नवरात्रात घटाभोवती धान पेरलेलं तू पाहिलंच असशील, रीत अगदी तीच. रात्रभर भिजलेले गहू सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेव. संध्याकाळी परत येशील तेव्हा टोकाला पांढरा ठिपका दिसेल, दुसऱ्या सकाळपर्यंत मोड बाहेर येईल. मग पसरट टोपलीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्याच्या झाकणात इंचभर माती पसरून त्यावर मोड आलेले गहू दाट पेर. इतके दाट की दाण्याला दाणा लागला पाहिजे. वरून मातीचा नुसता पापुद्रा. दोन दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेव, कोंब वर आले की उजेडात काढ. सकाळ-संध्याकाळ पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. खाली पाणी साचलं की गव्हाला बुरशी धरते आणि आंबूस वास येतो, मग गोठ्याजवळ बसवत नाही. चोवीसला चार बोटं उंच हिरवळ तयार मिळेल.

हे काम सासऱ्यांकडे दे. सकाळी तू बाहेर पडतेस तेव्हा ते घरी असतात, आणि रोज उठून टोपली बघणं हे त्यांना आवडेल. यंदाच्या आठवड्यात त्यांच्या वाट्याला नुसती वाट पाहणं येऊ नये, एवढं मला वाटतं. पुढेही जिथे जिथे त्यांचा हात लागेल तिथे मी सांगत जाईन.

आता पदार्थ. टिकतं काय आणि किती दिवस, यावरून क्रम ठरव. नाताळच्या ताटात पंधरा पदार्थ हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. ऑर्डरीवाल्या बायकांच्या याद्या बघून घाबरू नकोस, आमचं ते पोटापाण्याचं काम आहे. तू चार कर: कलकल, नेवऱ्या, दोदोल आणि एक केक. पेराड, मिल्क क्रीम, मार्झिपान हे सगळं पुढच्या वर्षी.

पहिल्या दोन संध्याकाळी कलकल. बंद डब्यात तीन आठवडे सहज राहतात, म्हणून ते आधी उरकायचे. अर्धा किलो मैद्याला ५० ग्रॅम कडकडीत तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि मावेल तेवढं नारळाचं घट्ट दूध. दूध दीड वाटीच्या आत लागतं. एकदम ओतू नकोस. पीठ पुरीच्या पिठापेक्षा थोडं सैल, पण हाताला न चिकटणारं हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू दे.

उलगडतात का, ते आता सांगते. तू गोळी फणीवर दाबून गुंडाळतेस आणि तशीच ताटात टाकतेस, बरोबर? मोठ्या शेंगदाण्याएवढी गोळी घ्यायची. नवी फणी स्वच्छ धुऊन पुसून तिला तुपाचं बोट लावायचं. गोळी फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबून चपटी, लांबट करायची, आणि मग खालच्या कडेपासून वर अशी सैल न ठेवता गुंडाळत आणायची. शेवटची कड दोन बोटांत धरून हलकी दाबायची आणि ताटात ठेवताना तीच कड खाली ठेवायची. एवढी एक कड खाली ठेवली तर शंभरात एखादाच उलगडतो. पीठ सुकलं असेल तर मात्र कड चिकटतच नाही, म्हणून एका वेळी मूठभरच पीठ बाहेर काढायचं, बाकीचं फडक्याखालीच राहू दे. माझ्या माहेरी यांना किड्यो म्हणायचे, आकारावरून. लहानपणी आम्ही भावंडं कुणाचा किडा जास्त वळवळतो म्हणून भांडायचो.

पिठात साखर आहे, त्यामुळे रंग लवकर चढतो. आच मंद आणि मध्यमच्या मधली ठेव, घाणा लहान टाक, आणि झारा सतत हलता ठेव. बदामी रंग आला की काढ, बाहेर आल्यावर ते आणखी एक छटा गडद होतात. काही घरांत पिठात साखर न घालता वरून दोनतारी पाकात घोळवतात. दिसायला पांढरेशुभ्र, छान दिसतात, पण वसईच्या हवेत पाक सुटतो आणि डब्यात सगळे एकमेकांना चिकटतात. मी पिठातच साखर घालते.

अर्धा किलोचे अडीचशेच्या वर होतात. एकटीने करायला बसलीस तर कंबर मोडेल. चौघांनी टेबलाभोवती बसायचं हेच यातलं खरं. मुलं असतील तर त्यांना काट्याच्या पाठीवर करू दे, फणी मोठ्यांनी घ्यायची. वाकडेतिकडेही तळायचे.

नेवऱ्यांकडे येऊ. तुमच्याकडे कुणी करंजी म्हणेल, कुणी नेवरी. सासरे नेवरी म्हणाले म्हणून मीही तेच म्हणते. करण्याआधी एक गोष्ट कर. सासूबाई सारणात काय घालायच्या ते सासऱ्यांना विचार. मापं त्यांना ठाऊक नसणार, पण चव नक्की ठाऊक असेल: तीळ असायचे की खसखस, मनुके लागायचे का, वेलची जास्त की जायफळ. घरातला जुना डबा उघडून कातणही शोध. प्रत्येक घरातल्या कातण्याच्या चाकाचे दात वेगळे असतात, कड कापली की तिची नक्षी ओळखू येते. ते सापडलं तर गरम पाण्यात धू, आसाला तुपाचा थेंब लाव, चाक फिरायला लागेल.

माझं माप असं आहे. आवरणाला मैदा आणि बारीक रवा निम्मा निम्मा, मिळून अर्धा किलो, चार मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, अर्धा चमचा मीठ, आणि भिजवायला कोमट दूध. पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचं आणि मग पाट्यावर किंवा बत्त्याने चांगलं कुटायचं. कुटण्याचा कंटाळा केला की नेवरी खुसखुशीत होत नाही, कडक होते. सारणाला किसलेलं सुकं खोबरं २५० ग्रॅम, भाजलेला बारीक रवा १५० ग्रॅम, काजूचे तुकडे १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, वेलची, जायफळ. खोबरं, रवा, खसखस वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. खसखस तडतडली की पुरे. काजू सोलून तुकडे करायचं काम सासऱ्यांना दे. एवढ्या मापात पंचेचाळीस ते पन्नास होतात.

मऊ का पडतात याची मला दिसलेली चार कारणं आहेत, आणि बहुतेक वेळा त्यातलं पहिलंच असतं. सारण गरम असताना साखर मिसळली तर साखर पाझरते, सारण दमट होतं आणि तो दमटपणा आतून आवरणात शिरतो. सारण पूर्ण गार होऊ दे, हात घालून बघ, ऊब नको, मगच साखर. दुसरं, ओला नारळ. ओल्या नारळाच्या आणि गुळाच्या नेवऱ्या चवीला फार सुंदर लागतात, पण त्या त्याच दिवशी खायच्या, आठवडाभर ठेवायच्या नाहीत. तिसरं, तेल पुरतं तापलेलं नसताना टाकणं. पिठाचा कण टाकला तर तो तळाशी बसून राहायला नको आणि उसळून वरही यायला नको, बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर यायला हवा. चौथं, गरम नेवऱ्या डब्यात भरणं. मी रात्री तळून परातीत कागदावर उभ्या लावून ठेवते, वर पातळ फडकं, आणि सकाळीच डब्यात भरते.

फुटतात तेव्हा बहुतेक वेळा आत हवा राहिलेली असते. सारण दीड चमचाच भर, पुरी दुमडताना दुमडीकडून कडेकडे बोटाने हवा ढकलत ये, कडेला दुधाचं बोट लाव आणि कडेवर सारणाचा कण राहू देऊ नकोस. एक खसखशीचा दाणा कडेत अडकला तरी तिथे तोंड उघडतं आणि सगळं सारण तेलात जातं. मग ते तेल गाळल्याशिवाय पुढचा घाणा टाकायचा नाही, जळकं खोबरं सगळ्यांना लागतं.

नेवऱ्या १९ किंवा २० तारखेला. सारण आदल्या रात्री भाजून ठेवलंस तर तीन तासांत उरकतील.

रविवार दोदोलला. त्याला सुट्टीच हवी, कारण मधून उठता येत नाही. तुझ्या भीतीचं मला नवल वाटत नाही. माझ्या पहिल्या दोदोलचा तळ असा लागला की कढई घासायला आईला दोन दिवस लागले, आणि ती एक शब्द बोलली नाही. त्या कढईच्या तळाशी खरी चूक होती: पातळ तळाची होती. तुला जाड बुडाची, शक्यतो कल्हई केलेली पितळी किंवा जड ॲल्युमिनियमची कढई हवी, आणि लांब दांड्याचा लाकडी उलथणा. घरात नसेल तर शेजारी मागून आण, अशी मोठी भांडी नाताळात एका घरातून दुसऱ्या घरात फिरतच असतात.

लागतं एवढं: तीन मोठे नारळ, पाव किलो तांदळाचं पीठ, ७५० ग्रॅम माडाचा गूळ, १०० ग्रॅम काजू, मीठ अर्धा लहान चमचा. माडाचा गूळ म्हणजे काळपट, मऊसर, धुरकट वासाचा. उसाच्या गुळाने दोदोल होतो, पण तो रंग आणि तो वास येत नाही. गोव्याहून किंवा सिंधुदुर्गातून कुणी येत असेल तर मागवून घे. आधी चाखून बघ, कधी कधी तो खारट असतो, तसा असेल तर मीठ घालूच नकोस. गूळ वाटीभर पाण्यात विरघळवून फडक्याने गाळून घे, त्यात वाळू असतेच.

नारळाचं पहिलं घट्ट दूध वेगळं ठेव, दुसरं-तिसरं पातळ दूध वेगळं. पातळ दुधात पीठ गुठळी न ठेवता कालव, त्यात गाळलेला गूळ आणि मीठ घाल, आणि मगच कढई गॅसवर ठेव. पीठ शिजून खळीसारखं दाटलं की घट्ट दूध थोडं थोडं घालत जायचं. इथून पुढे हात थांबवायचा नाही. पहिला तास काहीच घडत नाहीसं वाटतं. नुसतं तपकिरी पातळ पिठलं ढवळतोय असं वाटतं, आणि बऱ्याच जणी इथेच आच मोठी करतात. तू करू नकोस. दुसऱ्या तासात उलथण्याला जोर लागायला लागतो, रंग गडद होतो, मोठे बुडबुडे फुटून गरम थेंब हातावर उडतात, म्हणून लांब बाह्यांचं काहीतरी घाल. मग एका क्षणी कडेला तेल दिसतं. नारळाचंच तेल ते, दोदोल आता तेल सोडायला लागला. काजू आत्ता घाल. तरी उतरवू नकोस. सगळा गोळा उलथण्याबरोबर एकत्र फिरायला लागला, कढई मागे स्वच्छ सुटायला लागली, आणि ताटलीत टाकलेला तुकडा गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही, म्हणजे झाला. या मापाला अडीच तास धर. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने सारखा कर, सुटलेलं जास्तीचं तेल कडेने निथळून घे, आणि दुसऱ्या दिवशीच काप. गरम कापला तर सुरीला लपेटतो.

ढवळायला तीन माणसं हवीत, आळीपाळीने. सासऱ्यांचे खांदे ठीक असतील तर पहिला तास त्यांना दे, तेव्हा जोर लागत नाही. माझ्या माहेरी दोदोल चुलीवर मागच्या पडवीत व्हायचा, आणि ढवळायला बसलेल्या माणसाभोवती बाकीचे बसून नोव्हेनाच्या प्रार्थना म्हणायचे. १६ ते २४ डिसेंबर हे नोव्हेनाचे नऊ दिवस, त्यामुळे ते आपोआपच जमून यायचं.

केकचं सांगते थोडक्यात. सुका मेवा महिनाभर रममध्ये भिजायला हवा होता हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल, त्याची खंत करू नकोस. पाव किलो मनुके, बेदाणे, खजुराचे तुकडे आणि संत्र्याची साल एका पातेल्यात घेऊन त्यावर दोन संत्र्यांचा रस आणि हवी असेल तर थोडी रम घाल, मंद आचेवर सारखं हलवत रस पूर्ण शोषू दे, झाकून रात्रभर ठेव. महिन्याचं काम एका रात्रीत निभावतं. महागडे अंजीर घ्यायच्या ऐवजी मी वसईची सुकेळी बारीक चिरून घालते. राजेळी केळ्यांची उन्हात सुकवलेली ही सुकेळी आपल्याच आगाशीकडची, तिचा गोडवा आणि चिवटपणा केकात अंजिराइतकाच शोभतो. कॅरमलसाठी साखर जाळताना ती लालसर होऊन थांबू नकोस, गडद तपकिरी होऊन धूर निघायला लागेपर्यंत थांब, मग गॅस बंद करून बाजूला उभी राहून गरम पाणी घाल, कारण ते जोरात उसळतं. ओव्हन १५० ते १६० अंश, किलोभराच्या केकला दीड तासाच्या आसपास. हा केक तिसऱ्या दिवशी खरा लागतो, म्हणून २१ ला करून कागदात गुंडाळून ठेव. पूर्वी घरी ओव्हन नव्हते तेव्हा केकचं मिश्रण ट्रेमध्ये घालून, वर नावाची चिठ्ठी लावून, आम्ही गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन देत होतो. पाव निघाल्यावरच्या उरलेल्या आचेवर ते भाजले जायचे. तुझ्याकडे ओव्हन नसेल तर जवळच्या बेकरीत विचारून बघ, अजूनही काही जण भाजून देतात.

तारा हे नवऱ्याचं काम. एकदा सांगायचं म्हणजे ते नीट सांगते, कारण दोन तास घालवून तिरका तारा झाला की माणूस पुन्हा करत नाही. दोन फुटांच्या दहा कामट्या, सगळ्या अगदी एका मापाच्या. बांबू तासून घेताना गाठ मध्ये आली तर ती कामटी बाजूला टाक, गाठीपाशी ती वाकत नाही. पाच कामट्यांचा एक चपटा पाचकोनी तारा, पाच कामट्यांचा दुसरा. प्रत्येक ताऱ्याची पाचही टोकं दोऱ्याने बांध, आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागाही बांध. मग दोन तारे एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांध. आता आतल्या पाच ओलांडण्यांच्या जागी चार-पाच इंचांच्या आखूड काड्या दोन ताऱ्यांच्या मध्ये उभ्या बसव. चपटा तारा तिथल्या तिथे फुगून उभा राहतो, मुलं हे बघून टाळ्या वाजवतात. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटव, खळ पातळ आणि गाळलेली हवी. मागची एक पाकळी बल्ब घालायला आणि बदलायला उघडी ठेव. बल्ब एलईडीचाच लाव. जुन्या तापणाऱ्या बल्बने कागद करपताना मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि तारा उघड्यावर टांगू नका, वळचणीखाली टांगा, डिसेंबरातल्या दवाने दोन रात्रींत कागद सैल पडतो.

हा तारा २२ पर्यंत तयार झाला तरी चालेल. कामट्या तासायला सासऱ्यांना सुरी देऊ की नको हे तुम्ही घरात ठरवा. माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत स्वतःच तासल्या.

२३ ला मटणाचं किंवा डुकराच्या मांसाचं इंद्याल करून ठेव. शिरक्यातला पदार्थ दुसऱ्या दिवशी मुरतो, ताजा खाल्ला तर नुसता आंबट-तिखट लागतो. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये, आणि काढशील तेव्हा नीट उकळी येऊ दे. त्याच्याबरोबर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे, हवेत. ते २४ ला संध्याकाळी, आणि ते मात्र आदल्या दिवशी होत नाहीत. मैदा, अंडं, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ आणि यीस्ट. जुन्या बायका यीस्टऐवजी ताडी घालायच्या, आणि ताडीच्या फुग्यांना जो किंचित आंबूस गंध असतो तो यीस्टला नाही. पीठ वड्याच्या पिठापेक्षा सैल, हाताने खूप फेटायचं, तीन-चार तास उबदार जागी ठेवलं की दुप्पट होतं. मग हात पाण्यात बुडवून मूठभर पीठ घ्यायचं आणि मूठ आवळायची: अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोल फुगा वर येतो, तो ओल्या चमच्याने काढून तेलात. तेल तापलेलं असेल तर तो स्वतःच पलटतो. पहिले पाच-सहा शेपटीवाले होतील, मग हात बसेल.

२४ ला दुपारी गोठा मांडा. भाताचा पेंढा, थोडी रेती, तुझ्या गव्हाची हिरवी शेतं, गुरं, मेंढरं, योसेफ, मारिया. गव्हाणी रिकामी ठेवायची. बाळ येशू रात्री मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत आल्यावर ठेवायचा, आणि तो घरातल्या सगळ्यात लहान किंवा सगळ्यात मोठ्या माणसाच्या हाताने. तीन राजे गोठ्यात लगेच आणायचे नाहीत, त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं, ६ जानेवारीला ते पोचतात. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव ठेवून ख्रिस्तजन्माचं दृश्य मांडलं, तिथून ही प्रथा घराघरांत रुजली असं मानतात. आपण त्यात भाताचा पेंढा आणि पेरलेलं धान आणलं, आणि मला आपल्या गोठ्यातलं तेच सगळ्यात जवळचं वाटतं.

ताटं वाटण्याचं आता बोलते, कारण तू ते विचारलं नाहीस आणि ते राहून जायला नको. पंचवीसला सकाळी मिस्सा आटोपून आल्यावर ताटं भरायची: चार नेवऱ्या, मूठभर कलकल, दोदोलचे दोन तुकडे, केकची एक फोड, वर विणलेला रुमाल. आधी ज्यांच्याकडून तुम्हाला दिवाळीचा फराळ आला त्या घरांना. आपल्याकडे ताट रिकामं परत जात नाही, तेव्हा कुणाचा डबा तुमच्या फडताळात असेल तर तो याच वेळी भरून जाऊ दे. आणि गावात यंदा ज्या घरात मयत झालंय, त्या घराचं ताट सगळ्यांत आधी काढून ठेव. त्यांनी तळण केलेलं नसणार. दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी अशी ताटं आली असतील, ती कुणाकुणाकडून आली हे सासऱ्यांना आठवत असेल. ते ताट घेऊन त्यांना स्वतः जाऊ दे, सोबत तू जा.

गहू भिजत घातलेस का, ते तेवढं आज झोपण्यापूर्वी बघ.